मेलेल्या लाइटमनचा पगार

माझ्या आत्याला ऑफिसात सगळे पगारबाई म्हणत. तिचं खरं नाव बँकेला आणि आतोबांना ठाऊक होतं, आणि आतोबाही ते भांडणाच्या वेळीच वापरत.

सिनेमे आणि मालिका काढणाऱ्या एका कंपनीत ती पगाराचं काम बघायची. गेली होती चौदा दिवसांच्या बदलीवर. जिच्या जागी गेली ती बाई बाळंतपणाच्या रजेवरून परत आलीच नाही. ते बाळ पुढे शिकून नोकरीला लागलं, तरी आत्या तिथेच. ऑफिस एका गादीच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर होतं. लिफ्ट होती, पण तिच्यात जुन्या सेटचे खांब उभे करून ठेवलेले असल्यामुळे माणसांना जागा नव्हती. आत्याची खुर्ची मोडली तेव्हा नवी घेण्याऐवजी मालकाने एका ऐतिहासिक सिनेमातलं सिंहासन वर पाठवून दिलं. हाताशी दोन सिंह, त्यातल्या एकाचा जबडा निखळलेला. आत्याने त्या जबड्यात पेन्सिली ठेवायला सुरुवात केली. पगाराची चौकशी करायला येणाऱ्याला त्या सिंहासनासमोर उभं राहावं लागे, त्यामुळे निम्म्या तक्रारी तोंडातच विरायच्या.

काम मात्र नाजूक होतं. सिनेमावाल्यांचा पगार कारखान्यासारखा नसतो. आज चाळीस माणसं, उद्या दीडशे. सुतार दिवसाच्या दराने, फायटर उडीच्या दराने, कोणी शिफ्टवर, कोणी आठवड्यावर. वर ओव्हरटाइम, प्रवास, उशिरा मिळालेलं जेवण. हे सगळं आत्या एका लांबलचक हजेरीपटावरून डोक्याने काढायची. तिचा हिशोब चुकत नाही अशी ख्याती होती. ती ख्याती तिनेच पसरवली होती, पण कुणी खोडून काढली नव्हती.

मग मालकाला एकदम तीन कामं मिळाली. तीन ठिकाणी शूटिंग, त्यातली दोन दुसऱ्या प्रांतांत, जिथले कर वेगळे, विम्याचे नियम वेगळे. आत्याने तीन आठवडे रेटलं. चौथ्या आठवड्यात जिन्यात पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. त्या आठवड्याचा पगार चार दिवस लांबला. लाइटमन लोक दिवे बंद करून पेट्यांवर बसले, आणि नायिकेला अंधारात राग आवरावा लागला. ते तिला उजेडातही जमत नसे.

मालकाचा जावई व्यवस्थापन शिकून आलेला होता. म्हणजे घरात कोणी ऐकत नाही म्हणून ऑफिसात बोलायचा. तो म्हणाला, "पगाराचं काम बाहेरच्या कंपनीला देऊन टाकू. सगळीकडे असंच करतात. अशा तीन कंपन्या मी बघून ठेवल्या आहेत."

मालक म्हणाला, "निवड बाईंना करू द्या."

"त्यांना का? त्यांचंच काम जाणार आहे."

"म्हणूनच. त्यांनी निवडली आणि बुडाली, तर आपल्याला ओरडता येईल. तुम्ही निवडली आणि बुडाली, तर घरी जेवायला बसायचं कसं?"

हे संभाषण आत्याने प्लास्टरमधला हात टेबलावर ठेवून, समोर बसून ऐकलं. तिच्या देखत बोलताना आवाज खाली करावा असं त्या दोघांना वाटलं नाही. घरी येऊन ती आतोबांना म्हणाली, "मला माझ्याच सवतीची मुलाखत घ्यायला सांगितली आहे."

आतोबा शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "प्रश्नपत्रिका अवघड काढ."

तिने अवघडच काढली. माहितीपत्रकं आणि भाषणं यावर तिचा विश्वास नव्हता. तिने कपाटातून दोन वर्षांपूर्वीचा एका आठवड्याचा हजेरीपट शोधून काढला. तिच्या कारकिर्दीतला सर्वांत वाईट आठवडा. नदीकाठचं शूटिंग, चौसष्ट जणांचं युनिट. दुपारी पूल बंद झाला म्हणून सगळं लटांबर प्रांताची हद्द ओलांडून पलीकडे गेलं, त्यामुळे अर्धा दिवस एका कराचा आणि अर्धा दुसऱ्याचा. एक सुतार मंगळवारी भांडून निघून गेला आणि बुधवारी काहीच न झाल्यासारखा परत आला. नऊ वर्षांची एक मुलगी होती, तिला पाच तासांच्या वर कामावर ठेवायची परवानगी नव्हती. एक कुत्रा होता, त्याचा पगार मालकिणीला द्यायचा. आणि एक लाइटमन होता, ज्याने सकाळी दिवे ओढले आणि दुपारी प्रेत म्हणून नदीकाठी आडवा पडला, कारण प्रेताचं काम करणाऱ्याला ताप आला होता. त्याला अर्ध्या दिवसाचा लाइटमनचा आणि अर्ध्या दिवसाचा नटाचा दर द्यायचा होता.

या हजेरीपटाच्या तीन नकला तिने डाव्या हाताने केल्या. सोबत कामगारांशी झालेल्या कराराची प्रत जोडली. स्वतःचं उत्तर पाकिटात घालून ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि तिन्ही कंपन्यांना कळवलं, की आठ दिवसांत पगार काढून दाखवा.

पहिल्या कंपनीचा माणूस निळ्या कोटात आला. येताना कंपनीचं नाव छापलेले कॉफीचे मग घेऊन आला आणि जावयाला दोन दिले, म्हणून जावई तिथेच विरघळला. कोटवाला म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे माणूस हातच लावत नाही. सगळं आपोआप होतं. आठ दिवस कशाला, उद्या देतो."

दुसऱ्या दिवशी खरंच चौसष्टच्या चौसष्ट पावत्या आल्या, रंगीत आलेखासकट. आत्याने चष्मा लावला. बाराव्या पावतीवर ती थांबली. पावती 'श्री. श्वान' यांच्या नावाने होती. श्री. श्वान यांचा कर कापला होता, निवृत्तीनिधी कापला होता, आणि वारसाचं नाव भरलेलं नसल्याबद्दल खाली लाल अक्षरांत सूचना होती.

"तो कुत्रा आहे," आत्या म्हणाली.

कोटवाल्याने पावती उलटसुलट करून पाहिली. "तुम्ही प्रजाती असा रकाना दिला नव्हता, मॅडम."

पुढे ती एकेचाळिसाव्या पावतीशी पोचली. प्रेत झालेल्या लाइटमनच्या नावापुढे 'मृत कर्मचारी' असं छापलेलं होतं. सकाळचा पगार दिलेला, दुपारपासून बंद, आणि उरलेली रक्कम वारसांनी दाखला आणून दिल्यावर मिळेल अशी टीप. योगायोगाने तो लाइटमन त्याच वेळी खाली सामान उतरवत होता. आत्याने त्याला वर बोलावून पावती वाचायला दिली. त्याने ती दोनदा वाचली.

"म्हणजे मी गेलो?"

"दुपारी दीडला," आत्या म्हणाली.

"बायकोला काही मिळेल?"

"दाखला आणला तर."

"मग आणतो की. जिवंतपणी तिला माझ्याकडून काही मिळालं नाही." आणि पावती खिशात घालून तो खाली गेला. पुढे वर्षभर तो ती सगळ्यांना दाखवत होता, आणि उधारी मागायला आलेल्यांना तर आवर्जून.

जावई म्हणाला, "किरकोळ चुका आहेत, सुधारतील. शिवाय ही सर्वांत स्वस्त आहे." आत्याने त्याचा एक मग उचलला. त्यात पाणी ओतून खिडकीतल्या कुंडीला घातलं.

दुसरी कंपनी जुनी आणि नामांकित. तिघे जण आले. एक बोलायला, एक मान हलवायला, आणि तिसरा कशासाठी ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांचा हिशोब व्यवस्थित होता. कुत्रा कुत्रा होता आणि लाइटमन जिवंत होता. आत्याला जरा धास्तीच वाटली. तिने करारपत्र वाचायला घेतलं. प्रत्येक पावतीला आकार, प्रत्येक दुरुस्तीला आकार, दुरुस्ती त्यांच्या चुकीची असली तरी आकार.

"आणि आम्ही तुम्हाला पैसे दिल्यापासून माणसांच्या हातात पडेपर्यंत ते कुठे असतात?" तिने विचारलं.

"आमच्या खात्यात."

"किती दिवस?"

बोलणाऱ्याने मान हलवणाऱ्याकडे पाहिलं. "साधारण नऊ."

"त्या नऊ दिवसांचं व्याज?"

तिघांनीही मूग गिळले. तिसरा माणूस बहुधा त्याच कामासाठी आणलेला असावा.

तरी तिने त्यांना एक संधी दिली. घरून त्यांच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला आणि आवाज बदलून म्हणाली, "मी कपडेपटातली शिलाईवाली बोलतेय. माझा पगार कमी आलाय." समोरून संगीत सुरू झालं. फोन खांद्यात धरून तिने डाव्या हाताने अर्धा किलो मटार सोलले. चाळीस मिनिटांनी एक मुलगी आली आणि म्हणाली, "यासाठी तुम्ही तुमच्या पगारबाईंशी बोला."

"त्या सध्या फोनवर आहेत," असं सांगून आत्याने फोन ठेवला.

तिसरी कंपनी म्हणजे एक बाई, तिचा दीर आणि दोन कारकून. ऑफिस छापखान्याच्या माडीवर. या बाईने मग आणले नाहीत, भाषण केलं नाही. हजेरीपट घेऊन गेली आणि दुसऱ्या दिवसापासून फोन करू लागली. मंगळवारी गेलेला सुतार स्वतः गेला की काढला? पूल किती वाजता बंद झाला? मुलीबरोबर पालक होते का, त्यांना भत्ता होता का? कुत्रा भाड्याने की रोजावर? आठ दिवसांत चौदा प्रश्न. आत्या वैतागली. "नाकी नऊ आणले हिने," असं आतोबांना सांगायची, पण फोनची वाट बघत बसायची. एवढं बारकाईने तिला सव्वीस वर्षांत कुणी काही विचारलं नव्हतं.

आठव्या दिवशी ती बाई जिने चढून आली, सिंहासनाकडे न बघता समोरच्या स्टुलावर बसली आणि कागद पुढे केला. आत्याने ड्रॉवरमधलं पाकीट फोडलं, दोन्ही बेरजा शेजारी ठेवल्या.

"तुमचा आकडा जास्त आलाय," आत्या म्हणाली. तिला आनंद लपवता आला नाही.

"नाही, तुमचा कमी आलाय."

आत्याने चष्मा काढला. समोर उभं राहून असं बोलायची कुणाची टाप नव्हती, आणि ही तर बसून बोलत होती.

"गुरुवार बघा," ती बाई म्हणाली. "कामावर आल्यापासून सहा तासांत जेवण नाही मिळालं, तर पुढच्या दर अर्ध्या तासाला जादा पैसे. जेवण अडीचला झालं. युनिट आठला आलं होतं. म्हणजे अर्धा तास उशीर, तो तुम्ही सगळ्यांना धरलाय."

"मग?"

"मेकअप आणि कपडेपट सहाला आला होता. त्यांचा उशीर अडीच तासांचा. पाच अर्धे तास. तुम्ही एकच दिलाय."

"जेवण युनिटच्या वेळेवरून धरतात."

"करारात 'त्या कामगाराच्या येण्याच्या वेळेपासून' असं लिहिलंय. तुम्हीच प्रत दिलीत."

आत्याने करार काढला. कलम वाचलं. पुन्हा वाचलं. मग विचारलं, "तुम्हाला हे दिसलं कसं? बाकी दोघांनीही माझ्यासारखंच काढलंय."

"मी आठ वर्षं कपडेपटात इस्त्री केलीय," बाई म्हणाली. "सहाला यायचं आणि अडीचला जेवायचं. हे कलम मला पोटाने पाठ आहे."

ती गेल्यावर आत्याने जुने हजेरीपट काढले. तो करार सहा वर्षांपूर्वी झाला होता. सहा वर्षं दर शूटिंगला ती मेकअपवाल्यांचे आणि कपडेपटाचे पैसे कमी देत आली होती. कुणी तक्रार केली नव्हती, कारण पगारबाई चुकत नाहीत.

घरी तिने सगळे कागद आतोबांपुढे टाकले. "अहो, तपासा जरा."

आतोबांनी पेन्सिल घेतली. दहा मिनिटं एकेक रकाना तपासला. मग म्हणाले, "ती बरोबर आहे."

"नीट बघितलंत?"

"नीटच बघितलं. बेरीज तुझी चोख आहे, उदाहरण समजून घेण्यात चूक आहे. नववीत असतीस तर दोन मार्क कापले असते."

त्या संध्याकाळी आत्या त्यांच्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. तिने आमच्याकडे येऊन माझ्या आईला सगळं सांगितलं. आई तिची भावजय, म्हणजे सहानुभूतीची तशी अपेक्षा नव्हतीच. आई म्हणाली, "कोटवाल्याला काम देऊन टाका. विषय संपला. कुणाला कळणारही नाही."

"तेच डोक्यात येतंय," आत्या म्हणाली, "म्हणून तर झोप नाही." चहा अर्धा सोडून ती उठून गेली. आईच्या हातचा चहा तिने तसाही कधी पूर्ण प्यायला नव्हता.

ती तडक ऑफिसात गेली. मालकाच्या खोलीत जावई निळ्या कोटवाल्याचा करार सहीसाठी घेऊन उभा होता. आत्या म्हणाली, "तिसरी कंपनी घ्यायची."

"छापखान्यावरची?" जावई म्हणाला. "चार माणसांची? उद्या त्यांच्या दिराला पडसं झालं, तर आपला पगार बंद."

"त्या फोन उचलतात. पैसे आपल्या खात्यातून थेट माणसांच्या खात्यात पाठवतात, स्वतःकडे ठेवत नाहीत. आणि त्यांनी माझी चूक काढलीय." मग तिने सहा वर्षांचं सगळं सांगितलं, आकड्यासकट. आकडा ऐकून मालक खुर्चीत खाली सरकला.

मग त्याने हळूच विचारलं, "हे कुणाकुणाला माहीत आहे?"

"त्या बाईला, मला, आमच्या ह्यांना आणि भावजयीला."

"म्हणजे चौघांनाच."

"आणि मेकअपमनला. आत्ता जिन्यात भेटला, त्याला सांगून आले."

मालक म्हणाला, "बाई, आधी माझ्याकडे यायचं होतं."

"आधी तुमच्याकडे आले असते, तर तुम्ही मला सांगू दिलं नसतं. आणि मी ऐकलं असतं."

जावई म्हणाला की ही विश्वासघाताची गोष्ट आहे, बाईंना काढून टाकलं पाहिजे. मालकाने विचारलं, "कुणी पैसे खाल्ले?" जावई म्हणाला, "आपणच." मग मात्र तो विषय कुणी वाढवला नाही.

फरक तीन हप्त्यांत द्यायचं ठरलं. मेकअपमन गहिवरेल असं आत्याला कुठेतरी वाटत होतं. त्याने व्याज मागितलं. पुढच्या सोमवारी मात्र खरी गंमत झाली. पगारबाई चुकतात ही बातमी सेटवर पसरली आणि ज्याच्या त्याच्या घरातल्या जुन्या पावत्या बाहेर निघाल्या. रांग तिसऱ्या मजल्यावरून खाली रस्त्यापर्यंत गेली. गादीवाल्याला वाटलं आपल्याच दुकानासाठी आहे, त्याने घाईघाईने दोन गाद्या बाहेर मांडल्या. आत्याने आठवडाभर एकेक पावती तपासली. शंभरावर दाव्यांतले दोन खरे निघाले. बाकीच्यांत एक जण अशा सिनेमाची मजुरी मागत होता, जो त्याच्या जन्माआधी पडद्यावरून उतरला होता. "वडिलांची असेल," तो म्हणाला. आत्याने तपासलं. वडिलांचीही नव्हती.

छापखान्यावरच्या बाईंचं काम सुरू झालं. आत्याने अट घातली होती, की पहिले दोन महिने दोघींनी वेगवेगळा हिशोब काढायचा आणि शुक्रवारी ताडून बघायचा. पहिल्याच महिन्यात त्या बाईंकडून दिग्दर्शकाचा भत्ता दोनदा गेला. कुणाच्या लक्षात यायच्या आत त्यांचा स्वतःचाच फोन आला. "चूक माझी आहे, परत मागवते." दिग्दर्शकाने असे पैसे आलेच नाहीत असं शपथेवर सांगितलं, आणि बँकेचा कागद दाखवल्यावर म्हणाला, की आपण कलावंत आहोत, खात्याकडे बघत नाही. आत्याने ते पुढच्या हप्त्यातून कापले. त्यात तिला फार समाधान मिळालं.

जावयाने तोंड वाकडं केलं, पण सहा महिने पगार एकदाही लांबला नाही, तेव्हा ही आपलीच कल्पना होती असं तो पाहुण्यांना सांगू लागला. आत्याने त्याला सांगू दिलं. तिची नोकरी गेली नाही. बाहेरच्या कंपनीला हजेरीपट बरोबर द्यायला घरात कुणीतरी खडूस माणूस लागतोच, हे मालकाला कळलं होतं. फक्त काम निम्मं झालं, आणि दुपारी तिला वेळ मिळू लागला.

अशाच एका दुपारी मेकअपमनने तिला सेटवर नेलं. इतक्या वर्षांत ती शूटिंगला कधी गेलीच नव्हती. तिला मानाने कॅमेऱ्याशेजारी बसवलं. एक माणूस दार उघडून आत यायचा, "आई कुठे आहे?" असं विचारायचा, आणि दिग्दर्शक मान हलवायचा की पुन्हा. असं त्याने अकरा वेळा विचारलं. मध्ये दार अडकलं म्हणून सुतार आला, त्याने रंधा मारला, मग ते फारच सहज उघडायला लागलं म्हणून पुन्हा थांबले. आत्या पावणेदोन तास बसली आणि मग मेकअपमनला म्हणाली, "मला वाटायचं, तुम्ही लोक काहीतरी करता."

"हेच करतो," मेकअपमन म्हणाला.

तिने सगळ्यांना नमस्कार केला आणि चारची बस पकडून घरी आली. आतोबांनी विचारलं कसं होतं. तिने पर्स खुंटीला अडकवली, प्लास्टर काढल्यापासून अजून जरा आखडणारं मनगट चोळलं आणि म्हणाली, "आई शेवटपर्यंत सापडली नाही." मग ती स्वयंपाकघरात गेली, आणि त्या दिवशी आतोबांशी नेहमीपेक्षा बरीच जास्त बोलली.